आमच्याकडे मेंढरं राखायला होता

“हा आमच्याकडे मेंढरं राखायला होता.”

साहेबांनी पाहुण्यांना माझी ओळख अशी करून दिली. बारामतीत, सत्काराच्या मंडपात, जेवणाच्या टेबलाशी. पाहुण्यांनी माझ्या मुंडाशाकडं पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा जिलबीकडं वळले. साहेबांसाठी नेलेली घोंगडी माझ्या हातात होती. एका शिपायानं ती घेऊन खुर्चीखाली सरकवली.

साहेब म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ. लांबच्या राज्यात हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश होऊन निवृत्त झालेला. नव्वद सालानंतरचा तो सत्कार. आमच्या बापांचा कळप एकच होता. दिवाळी झाली की इंदापूर सोडायचं, मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. आम्ही दोघंही शाळेत हुशार. पण मेंढरांमागं एक पोर लागणारच होतं. चुलत्यानं माझ्या बापाच्या पायावर हात ठेवला. “दादा, माझं शिकू दे. ते शिकलं की दोन्ही घरं वर येतील.” मी चौथीतून उठलो. त्यांच्या वाट्याची मेंढरं अकरा वर्षं मी वळली. पगारावर नाही. भाऊ म्हणून.

वर आलो तो माझा मी. बकऱ्यांचा व्यापार केला, सोलापूर रस्त्याला जमीन घेतली. बाजारात पाच रुपयांवरून समोरच्याची गचांडी धरणारा माणूस मी. त्या दिवशी मात्र त्याच टेबलाशी बसलो. वर जेवलोसुद्धा. ते जेवण अजून घशाशी येतं.

तीन वर्षांनी साहेब गेले. गावातले वडीलधारे तात्या आणि साहेबांचा वकील मुलगा माझ्या घरी आले. स्मारकासाठी माझी रस्त्याकडची दहा गुंठे जागा हवी होती.

“घरचंच काम हाय. भाव बोल,” तात्या म्हणाले.

“पैसा नगं. दगडावर एक ओळ लिवा. साहेब शिकत हुते तवा त्यांची मेंढरं चुलतभावानं शाळा सोडून वळली.”

मुलगा हसला. “काका, ते शोभणार नाही. देणगीदारांत तुमचं नाव सगळ्यात वर टाकू.”

“देणगी न्हाय दिली मी. माझी शाळा दिली.”

“मेलेल्या माणसाशी सौदा करतोस व्हय रं?” तात्या चिडले.

“सौदा जित्यापणीच झाला हुता, तात्या. तिकडनं मोडला.”

मुलगा म्हणाला, ‘कुटुंबीयांच्या सहकार्याने’ असं लिहू. मी उठलो. दार उघडलं आणि दोघांच्या चपला त्यांच्यासमोर सरकवल्या.

स्मारक आता पुढच्या शिवारात उभं राहतंय. तिथं जायचा रस्ता माझ्या बांधावरून आहे. पाथरवटाला मी सांगून ठेवलंय. माझ्या बांधावर, माझ्या दगडावर ती ओळ कोरायची. खाली माझं नाव, बापाच्या नावासकट. तात्यांचे निरोप येतायत, थोडं मऊ लिही म्हणून.

आयुष्यभर घासाघीस केली. या ओळीवर करणार नाही. एक शब्दही कमी होणार नाही.