चुन्याचं ताक

पानपट्टीवर ओल्या चुन्याचा वास आला की मला माझी एम.एस्सी.ची परीक्षा आठवते. दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि मी सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं पाठ करत होते, "कॅल्शियम पेशीत शिरलं की मेंदूतल्या दोन पेशींमधला सांधा घट्ट होतो, आठवण टिकते." शेंगा भाजता भाजता आई ऐकत होती. तिनं ताकाचा पेला पुढं केला. त्यात आपल्या पानाच्या डब्यातला गव्हाएवढा चुना कालवला होता. "कॅल्शियमच हाय की. पी, टिकंल." मला हसू आलं. "अगं, पोटातलं नव्हे. पेशीत ते हळूहळू झिरपलं तर सांधा उलट सैल पडतो, एकदम लोंढा आला तर घट्ट होतो." "म्हंजे आपल्या नळासारखं," आई म्हणाली. "बारीक धारेला कोण उठत न्हाय, जोरात पाणी आलं की सगळी गल्ली जागी हुती." मी वही मिटली. तिनं पेला पुन्हा सरकवला. "मग घोट घोट नगं. एकदम पी." मी प्यायले. त्या पेपरात काय लिहिलं ते पार विसरले, पण आजही वर्गात हाच धडा शिकवायला घेतला की आधी जिभेवर त्या ताकाची चव येते.