हेमकांतचे दोनशे गुणी शेतकरी

हेमकांतने धडगावच्या डोंगरातली बावीस घरं एका दुपारात पुसून टाकली, आणि तीही प्रकाशा गावात, घरच्या ओट्यावर बसून.

तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. तिचं अ‍ॅप डोंगरात आमचूर विकणाऱ्यांची नोंदणी करतं. युनिट टेस्टला, म्हणजे अ‍ॅपचा एकेक भाग तपासायला, खरी माणसं चालत नाहीत, खोटी लागतात. त्यांना मॉक ऑब्जेक्ट म्हणतात. हेमकांतने ती आपोआप भरून देणारा प्रोग्रॅम, जनरेटर, लिहिला होता. बटण दाबलं की दोनशे शेतकरी उभे! प्रत्येकाला आडनाव, पाडा, वेगळी जन्मतारीख, वेगळा मोबाइल. एकही रकाना रिकामा नाही. इतके गुणी शेतकरी अख्ख्या सातपुड्यात सापडायचे नाहीत, पण टेस्ट पास होऊन हिरव्यागार होत होत्या आणि पुण्याच्या जागृती मॅडम मीटिंगमध्ये त्याचं कौतुक करत होत्या.

वडील रतिलाल केळीला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी यायचे आणि एकदा पोराकडे, एकदा लॅपटॉपकडे बघायचे. "खरा शेतकरी समोर उभा शे, आनि तू खोटा बनाडी ऱ्हायना." हेमकांत हेडफोन लावायचा.

डोंगरातल्या खऱ्या पाड्यावर घरं तेवीस, आणि फोनला रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली. दिवाल्या नावाच्या शेतकऱ्याचं शेत तिथेच, म्हणून अख्ख्या पाड्याचा नंबर दिवाल्याचा. रेशनला तोच, दवाखान्यात तोच. आमचुराच्या नोंदणीतही तोच तेवीस वेळा भरला गेला. अ‍ॅपला वाटलं, एकच माणूस सारखं नाव बदलतोय. ते जुनं पुसून नवं लिहीत गेलं. शेवटी उरली एकटी रुखमाबाई, तिच्या दोन पोत्यांसकट. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, आणि यादीत नाव नसेल त्याचं पोतं व्यापारी उचलणार नव्हता.

टेस्टमध्ये हे कसं सापडलं नाही, असं मॅडमनी फोनवर विचारलं. युजरने डेटा चुकीचा भरला, असं हेमकांतने बाणेदारपणे सांगितलं. मग जाऊन युजरलाच समजाव, म्हणाल्या.

म्हसावदपासून पुढे जीप. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर कुणाचं तरी गाठोडं.

दिवाल्याकडे कागद नव्हता. मोहाला टेकून त्याने तेवीस घरं तोंडपाठ सांगितली: कुणाची किती पोती, कुणाच्या पोत्यात भावाचा अर्धा वाटा. जन्मतारीख मात्र बहुतेकांची एक जून, गुरुजींनी शाळेत वाटलेली. हेमकांतने त्याला शहाणपणाने समजावलं, की आमच्या टेस्टमध्ये प्रत्येक शेतकऱ्याचा आपापला नंबर असतो.

"कुठल्या गावचे रे दादा ते?" दिवाल्याने विचारलं. "रेंज बरी दिसते तिकडे."

हेमकांतने लॅपटॉप उघडला. तिथेच बसून त्याने जनरेटरला एका नंबराचे, एका जन्मतारखेचे तेवीस शेतकरी बनवायला लावले. टेस्ट लालभडक झाली. दिवस मावळायच्या आत दुरुस्ती करून त्याने ती हिरवी केली, नावं पुन्हा चढवली, आणि सकाळी ट्रक तेवीसही घरांची पोती घेऊन घाट उतरला.

आता अ‍ॅपकडून पाड्याला मेसेजही घरागणिक एक असे तेवीस येतात, सगळे दिवाल्याच्या फोनवर, आणि दिवाल्या घरोघर जाऊन ते सांगत फिरतो. आठ दिवसांत सगळ्यांचा मिळून एकच मेसेज करून देतो, असा शब्द हेमकांतने निघताना दिला होता. त्याला चार महिने झाले. कामांच्या यादीत ते सगळ्यात खाली आहे आणि त्यापुढे शेरा आहे, हेमकांतचाच: तातडीचं नाही.