नाव न कोरलेलं जहाज

इनूसेस या ग्रीक बेटावरच्या स्तामातियाने नवस बोलला होता 'मिर्सिनी' जहाजासाठी. धाकटा लेक इसिदोरोस त्याच्यावर इंजिनखोलीत कामाला होता.

जहाज महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेत दीड महिन्यात जोडलेलं. लढाईनंतर बेटावरच्या मालकाने घेतलं आणि त्याला लेकीचं नाव दिलं. अशी शेकडो, सगळी एका साच्यातली; 'लिबर्टी' म्हणत त्यांना. नवस फेडणाऱ्या आयांनी खलाशांना राखणाऱ्या संत निकोलासच्या चर्चमध्ये चांदीची अकरा छोटी जहाजं टांगली होती. अकराही तश्शीच.

फेब्रुवारीत रेडिओवर बातमी आली : अटलांटिकमध्ये 'आल्बा' दुभंगलं, काही माणसं गेली. शेजारीण आर्यिरो धावत आली.

"अगं, मिर्सिनी विकली ना? तिलाच म्हणे आल्बा म्हणतात आता!"

स्तामातिया मालकाच्या कचेरीत गेली. कारकून म्हणाला, "विकलं, खरंय. तुमचा मुलगा उतरला की राहिला, ते पिरेयस बंदरातून कळेल."

तिथून ती पाद्रीबाबांकडे गेली.

"बाबा, नवस मिर्सिनीच्या नावाने बोललेय. ते नाव तर आता समुद्रातच नाही. संत शोधणार कुणाला?"

"बाई, त्याला नावाशी काय करायचंय?"

"मग ओळखतो कशावरून? सगळी सारखीच की!"



तीन दिवस तिच्या घरात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी अँटवर्पहून पत्र आलं. 'आई, मिर्सिनी विकली, मी मालकाच्या दुसऱ्या लिबर्टीवर आलोय. महिना झाला, कळवायचं राहिलं. बदलल्यासारखं वाटतच नाही गं. खाट तिथेच, जिना तिथेच, वाफही त्याच सांध्यातून गळते.'

"मेल्या, आईसुद्धा तीच आहे ना!" ती पत्रावरच खेकसली, मग रडली. नव्या जहाजाचं नाव गाढवाने लिहिलंच नव्हतं.

शेजारच्या खिओस बेटावरच्या सोनाराकडे तिने सांगितलेलं चांदीचं जहाज तयार होतं. "मिर्सिनी कोरू ना, मावशी?"

ती हो म्हणणार होती. पण मिर्सिनी तर बुडाली. इसिदोरोसच्या खाटेवर त्या रात्री कोण झोपलं होतं? कुणाचा तरी लेकच होता तो. मग नवस फळला म्हणायचं, की भलत्याच घरी गेला?

"मावशी?"

"कोरं राहू दे."

रविवारी पाद्रीबाबांनी ते बाकीच्यांत टांगलं. प्रार्थना संपल्यावर मेणबत्ती घेऊन ती खाली उभी राहिली; तिथून कुठल्याच जहाजावरचं नाव वाचता येत नव्हतं. दारातल्या वाऱ्याने बाराही जहाजं डुलत होती, आणि आपलं कुठलं ते तिला काही केल्या कळेना.