चोवीस तासांची नात

माझा मामा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. घरी कमी, पाण्यावर जास्त. समुद्रात फोनला रेंज नसते आणि जहाजावरच्या इंटरनेटवर चार ओळींचा निरोप गेला तरी नशीब. त्याच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या लग्नालाही तो पोचला नाही. जहाज भलत्याच बंदरात अडकलं होतं. ताईने ते मनाला लावून घेतलं. बापाशी बोलायची, पण तोलूनमापून.

तिला मुलगी झाली तेव्हाही मामा समुद्रातच. ताई बाळाचे व्हिडिओ कुणाला वेगळे पाठवायची नाही, नुसते चोवीस तासांच्या स्टोरीला टाकायची. दुसऱ्या दिवशी ते गायब. "बंदर लागेपर्यंत ह्यांची नात पुसून गेलेली असते," मामी मला म्हणाली.

मी तिला स्क्रीन रेकॉर्ड करायला शिकवलं. ती फोन स्वयंपाकघरात डब्याला टेकवायची आणि काम करता करता ताईची स्टोरी लावून रेकॉर्ड करायची. त्यामुळे बाळाच्या हसण्यामागे नळाची धार, भांड्यांची आदळआपट आणि मामीचं कौतुक असं सगळंच यायचं. आवाज बंद कसा करायचा तेही मी दाखवलं, पण मामाचा निरोप आला, आवाज राहू दे. बंदर आलं की तो मामीने पाठवलेलं सगळं फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि पुढे समुद्रात कणीक मळताना समोर लावून ठेवायचा.

एकदा ताई माहेरी आली असताना मामीचा फोन भरला म्हणून अडून बसला. ताईने उघडून पाहिलं तर सगळीकडे तिचंच बाळ. ती चिडली.

"मी एका दिवसासाठी टाकते, आई. आणि तू साठवून ठेवतेस?"

मामी खाली मान घालून म्हणाली, "पुसते. पण ह्यांना काय सांगू?"

मग सगळं बाहेर आलं. ताईने काही न पुसता फोन तसाच परत दिला.

पुढे मामा सुटीवर आला. त्याने हात पुढे केल्यावर बाळाने घर डोक्यावर घेतलं. आम्ही खुळखुळे वाजवले, टाळ्या पिटल्या. मामाने शांतपणे तिची पाठ आपल्या छातीशी धरली, तोंड खिडकीकडे केलं आणि तिच्या तळपायावर बोट फिरवत राहिला. ती हुंदके देत थांबली.

"कान ओढतेय, म्हणजे झोप आलीय," तो म्हणाला.

ताई बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"तूच दाखवलंस की."

बाळ झोपल्यावर ताई त्याच्याजवळ जाऊन बसली. स्वतःचा फोन काढून तिने कधीच स्टोरीला न टाकलेले व्हिडिओ लावले. तापात कुरकुरणारं बाळ, विस्कटलेल्या केसांनी रडकुंडीला आलेली ती स्वतः.

"हे लोकांना दाखवायचे नसतात," ती म्हणाली, आणि एकेक करून त्याच्या फोनवर पाठवायला लागली.