रेघ मारलेली भांडी

माझ्या मावसबहिणीइतकं महागात पडलेलं गिऱ्हाईक आदिलाबादच्या बाजारात दुसऱ्या कुठल्या दुकानदाराच्या वाट्याला आलं नसेल. आणि गंमत म्हणजे तिनं आयुष्यात कधी घासाघीस केलेली नाही. माझं खरं दुखणं तेच आहे. मी सायकलच्या कॅरिअरला पातेली बांधून आठवडी बाजार करत करत भांड्यांच्या दुकानापर्यंत आलेला माणूस. समोरच्यानं भाव सांगितला की माझी मान आपोआप आडवी हलते. भाव करणं म्हणजे माझ्या लेखी दोन माणसांनी एकमेकांची विचारपूस करणं. हिला ते मंजूर नाही. भाजीवाली जो भाव सांगेल त्या भावानं ही भाजी घेते, रिक्षावाला मागेल ते देते, आणि मी शेजारी उभा राहून दात-ओठ खात असलो की म्हणते, "तुह्या बापाचं काय जाते?" पण जे तिचं स्वतःचं आहे ना, त्यातलं ती तीळभरही सोडत नाही. तिथं घासाघीस करायला गेलेला माणूस हात पोळून परत येतो. मी कैकदा आलो आहे.

तिला आपल्या प्रत्येक वस्तूवर नाव घालायची खोड. बादलीवर नाव, पाट्यावर नाव, चपलेच्या आतल्या अंगाला नाव. एकदा तिची छत्री मुधोळच्या गाडीत राहिली. कंडक्टरनं दांड्यावरचं नाव वाचलं, चौकशी केली आणि छत्री ती शिकवायची त्या शाळेत आणून दिली. तेव्हापासून ती मला ऐकवते, "पाह्यलं? नाव असलं का वस्तू घरी येते." त्या दांड्यावर तिचं माहेरचं 'गोदावरी' होतं. गंमत अशी, की तेव्हा तिचं लग्न होऊन बरेच दिवस झाले होते आणि सरकारदरबारी ती 'शुभांगी' होती. सासरच्यांना गोदावरी नाव जुनाट वाटलं, म्हणून लग्नात नवऱ्यानं ताटभर तांदळात अंगठीनं शुभांगी लिहिलं आणि सगळ्यांनी साखर खाल्ली. शिक्षिकेची नोकरी लग्नानंतर लागली, ती त्याच नावानं. नवरा बेल्लमपल्लीचा. त्यांचं जमलं नाही. काऊन जमलं नाही हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, यातच काय ते समजा. कोर्टानं दोघांना मोकळं केलं, त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाच ती म्हणाली, "ते तांदूळ तं दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले. मंग नाव काऊन राह्यलं रे?"

झालं. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, मग हैदराबादचं गॅझेट, मग शाळाखात्याच्या दफ्तरात नोंद. या साऱ्या प्रवासात पिशवी धरायला मी. गॅझेटचा अर्ज खात्याच्या कचेरीतूनच पुढं जायचा. तिथले कारकून चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, शोहरका नाम निकालनेको शोहरकी मंजुरी होना." माझ्या बहिणीनं त्यांच्याकडे, नापास पोराच्या बापाकडे बघावं तसं बघितलं. "ज्याले सोडाले कोर्टात गेली, त्याची परवानगी आनू? त्यानं दिली असती तं कोर्टात कायले गेली असती?" कारकुनांनी माझ्याकडे बघितलं. असं कुणी बघितलं की माझ्यातला व्यापारी जागा होतो. मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणालो, "साब, बीचका रास्ता निकालो. आडनाव निकालो, शुभांगी रहने दो." कारकून विचारात पडले. सौदा पटत आला होता, देवाशपथ पटत आला होता. तेवढ्यात हिनं सगळी कचेरी ऐकेल अशा आवाजात मला विचारलं, "नाव काय वांगी हायेत, का एक काढा आन् एक ऱ्हाऊ द्या?" कागद पुन्हा खालच्या गठ्ठ्यात गेले. परतताना रिक्षावाल्याला तिनं त्यानं मागितलं तेवढं दिलं. मी त्या रिक्षात बसलो नाही, चालत आलो.

दरम्यान लग्नातली भांडी परत मिळाली. मीच टेम्पो करून बेल्लमपल्लीहून आणली. गंज, पराती, घागरी, डेचक्या. माझ्या मावशीनं एकेक करून जमवलेल्या, आणि झाडून साऱ्यांवर माझ्याच मशीननं घातलेलं 'सौ. शुभांगी'. मी म्हटलं, मोडीत घाल, नवी देतो. तर आईची भांडी वितळवायची नाहीत. बरं, घासून नाव काढून देतो. तर तेही नाही. "शाळंत मी पोराईले काय सांगतो? चुकलं तं खोडरबर लावाचं नाही. रेघ मारा आन् वर बरोबर लिवा." माझ्या सुरेख, वळणदार अक्षरांवर मी माझ्याच हातानं आडव्या रेघा मारल्या आणि वर गोदावरी घातलं. बरं, ही भांडी घरात बसणारी असती तर एक वेळ चाललं असतं. आमच्याकडे बारसं असो की तेरावं, गल्लीतली सगळी भांडी एका मांडवात जमतात आणि जेवणं उठली की नाव वाचून घरोघरी जातात. त्यामुळे हिचा घटस्फोट प्रत्येक पंगतीत वरण-भाताबरोबर फिरायला लागला, आणि त्याच्याबरोबर माझं दुकान. "शेठ, तुमच्याकडे नाव घालताना लई चुका होतात म्हनते?" असं मला तोंडावर विचारायला लागले लोक! मी तिच्यावर जाम भडकलो. ती म्हणाली, "चूक तुही नाही हे मले माहीत हाय. बस झालं की."

आणि अशातच तिच्या बढतीचा हुकूम आला. मुख्याध्यापिका! आमच्या खानदानात तोवर कुणी शाळेची घंटा वाजवणाराही झाला नव्हता. पण हुकूम शुभांगीच्या नावाचा, आणि गॅझेट अजून हैदराबादेतच. खात्यातले साहेब म्हणाले, आधी रुजू व्हा, नाव मागाहून बदलेल. रुजू झालं नाही तर बढती खालच्याला जाणार, हेही त्यांनी सांगितलं. ही म्हणाली, त्या नावानं होणार नाही. मी तिच्या ओट्यावर बसून हात जोडले, ओरडलो, पुन्हा हात जोडले. "अवं आक्का, शाळंच्या बोर्डावर नावच लिवतात ना? लिवू दे. गॅझेट आलं का तिथंही रेघ मारू!"

"बोर्ड पोरं वाचतात," ती म्हणाली. "माहीत असून चूक कशी लिवू पोराईसमोर?"

"आन् बढती गेली तं?"

ती ज्वारी निवडत होती. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "जाईल." तिच्या तोंडून एवढ्या हळू निघालेला शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

बढती गेली. तिच्या हाताखाली शिकवायला लागलेले मास्तर बोर्डावर चढले. ही त्यांना "सर" म्हणायला लागली, आणि म्हणताना तिचा चेहरा इतका साधा असे की मास्तरच ओशाळून बाजूला बघत. गॅझेट नंतर आलं. तिनं साऱ्या शाळेला पेढे वाटले. हलवायानं सांगितलेल्या भावानं. पुढं याद्या बदलल्या, साहेब बदलले, तिचा नंबर काही पुन्हा लागला नाही. माझ्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही. हातातला सौदा असा कुणी सोडतं का?

ती रिटायर झाली तेव्हा शाळेतले शिक्षक तिच्यासाठी घागर घ्यायला माझ्याच दुकानात आले. भाव करायला लागले. मी पहिल्याच बोलीला हो म्हटलं, तर संशयानं घागर उलटीपालटी करून बघत बसले. रात्री दुकान बंद करायच्या आधी मी स्वतः मशीन घेऊन बसलो आणि एकच नाव घातलं.

समारंभात घागर हातात आल्यावर तिनं आधी नावावरून अंगठा फिरवला, मग त्याच्या खाली, मग वर. मी समोरच्याच खुर्चीवर होतो.

"रेघ नाही मारली रे?"

"कायवर मारू?"

तिनं पुन्हा एकदा नावावरून अंगठा फिरवला. मग तिचा नेहमीचा आवाज तिला सापडला. "गो वाकडा आला हाय तुहा," ती सगळ्या शिक्षकांदेखत म्हणाली.

गो वाकडा नाही. माझ्या मशीननं वाकडं अक्षर कधी काढलेलं नाही, कुणीही येऊन बघावं. पण त्या दिवशी मी भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला तिच्या घरावरून गेलो, तर घागर ओट्यावर भरून ठेवलेली होती, आणि नावाची बाजू रस्त्याकडे होती.