सुनीताने घरी खोललेला गिअरबॉक्स

मंडळी, आज माझ्या हातून एक वाईट गोष्ट झालीय.

पेणच्या रामवाडीत माझं गॅरेज आहे. निडी गावच्या माझ्या चुलत बहिणीला, सुनीताला, मी सांगितलं होतं, "मोटरसायकलच्या गिअरबॉक्सचं काम घरी होत नाय गो. खास हत्यारं लागतात. गाडी माझ्याकडे टाक."

पण तिने पडवीत गोणपाट अंथरून स्वतःच आतल्या गिअरबॉक्सपर्यंत इंजिन खोललं. बेअरिंग ओढून काढायचा पुलर नव्हता, म्हणून लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू ठोकत ते काढलं. झिजलेला गिअर रोह्याहून आणून बदलला. हे काम शिकायला मला उस्तादाकडे तीन वर्षं लागली होती.

आज दुपारी मी निडीला जाऊन गाडी चालवून बघितली. खरं सांगतो, मी चूकच शोधत होतो. एकही गिअर अडला नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं.

"दादा, नीट झालंय ना रे?" तिने विचारलं.

"व्हय, पण आतून थोडा आवाज येतोय."

आवाज अजिबात नव्हता. तिचा चेहरा उतरला आणि मी तसाच पेणला निघून आलो.

आत्ता तिचा फोन आला. "दादा, मी परत सगळं खोललंय. आवाज कुठून येत होता, तेवढं सांग ना."

गिऱ्हाईक आलंय असं सांगून मी फोन ठेवला. गॅरेजमध्ये कोणीच नाही. आता तिला कोणत्या तोंडाने फोन करू?