दंडावरचा पट्टा आणि फुफ्फुसातला दाब

प्रतिभाला तिच्या नवऱ्याने, मिलिंदने, उचलूनच आत आणलं. ओठ निळे, पायांवर सूज, मानेची शीर फुगलेली. सिस्टरने ऑक्सिजन लावला. मी मिलिंदला विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

"बंद केली साहेब."

"काऊन?" खामगावात इतकी वर्षं प्रॅक्टिस केल्यावर घाईत तोंडातून हेच निघतं.

"शिबिरातल्या मोठ्या डॉक्टरनं सांगतलं. बीपी नॉर्मल हाये म्हणे, मंग बीपीची गोळी कायले खाता?"

प्रतिभा वरवट बकालची. घरी शिलाईकाम करायची, मिलिंदचं मोटर वाइंडिंगचं दुकान. पहिल्यांदा आली तेव्हा मशीन चालवतानाही तिला धाप लागायची. आधी कोणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, कोणी दमा म्हणून पंप. मी टू-डी इको केला, मग नागपूरला पाठवून खात्री करून घेतली. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब भयंकर वाढला होता. दंडाला पट्टा बांधून मोजतो तो दाब वेगळा. तो उत्तम असूनही फुफ्फुसातला दाब जीव घेऊ शकतो, आणि पट्ट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. ते एंडोथेलिन नावाचं चिमुकलं प्रथिन बनवतं. त्याचं काम नळी आवळणं, आणि ते काम ते फार जोरात करतं. एका जातीच्या सापाच्या विषात याचा जवळचा नातेवाईक सापडतो. म्हणजे सापाला नावं ठेवायला आपल्याला फारशी जागा नाही. प्रमाणात असेल तोवर ठीक. वाढलं की नळी आवळतेच, शिवाय तिची भिंत जाड होत जाते. मूत्रपिंडात वाढलं तर मूत्रपिंडाची नासाडी. फुफ्फुसात वाढलं तर हृदयाची उजवी बाजू अरुंद नळ्यांत रक्त ढकलून ढकलून थकते. प्रतिभाची गोळी एंडोथेलिनला नळीच्या भिंतीवर काम करू देत नव्हती.

हे समजावलं तेव्हा मिलिंद म्हणाला होता, "म्हणजे मोटर चांगली हाये, पाइपच आतून बसला."

"हो. मोटर जळू नये म्हणून ही गोळी. आजार जाणार नाही, पण दिवस चांगले जातील."

ते गेलेही. या गोळीने यकृत बिघडू शकतं म्हणून दर महिन्याला रक्त तपासावं लागे. सुई पाहिली की प्रतिभा तोंड फिरवायची, पण एकही तपासणी तिने चुकवली नाही. ती पुन्हा मशीनवर बसू लागली होती.

मग शिबिर झालं. आमच्याकडे महाशिबिर असतं. नुसतं शिबिर मी अजून पाहिलेलं नाही. पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलन, शाली, नारळ, भाषणं यांत दुपार झाली. उरलेल्या वेळात सगळी रांग संपवायची होती. मोठ्या शहरातून आलेल्या डॉक्टरांनी प्रतिभाच्या दंडाला पट्टा बांधला, गोळीचं पाकीट उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "बीपी झकास आहे. बंद करा ही. लिव्हर खराब करते."

"तिनं सांगतलं साहेब, फुफ्फुसाचं हाये म्हणून," मिलिंद म्हणाला. "ते म्हणले, हो हो, पुढचे या."

"आणि तुम्ही मला एक फोन नाही केला?"

"ते तुमच्यापेक्षा मोठे होते ना. स्टेजवर बसले होते."

मी कधी स्टेजवर बसलेलो नाही.

औषधं सुरू केली, नागपूरला बोललो. त्यांनी आणा म्हटलं, पण ती हलवण्याच्या स्थितीत नव्हती. मास्क बाजूला करून म्हणाली, "साहेब, लवकर सोडा. लग्नसराई हाये, लोकायचे ब्लाउज पडले हायेत."

"आधी श्वास घे. ब्लाउज थांबतील."

"ब्लाउज थांबतीन, बाया नाई थांबत," ती म्हणाली आणि हसली. पहाटेच्या आत हृदयाच्या उजव्या बाजूने काम सोडलं.

दिवसकार्य झाल्यावर मी शिबिराच्या आयोजकांना फोन केला. झालं ते सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले. "पण डॉक्टरसाहेब, आपण तर सेवाच करतो. नाव घेऊन कुठे बोलू नका. पुढच्या वेळी तुम्हीच या. सत्कार ठेवतो तुमचा."

"सत्कार नको. तपासायला वेळ ठेवा."

"तो तर असतोच हो. पाहुण्यांमुळे जरा मागंपुढं होते."

आता या गोळीच्या प्रत्येक चिठ्ठीवर मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो: ही गोळी दंडावर मोजतात त्या बीपीची नाही, मला विचारल्याशिवाय बंद करू नये. पण चिठ्ठी वाचायलाही वेळ लागतो. म्हणून पेशंटला एक प्रश्न पाठ करायला लावतो. कोणी कितीही मोठा डॉक्टर गोळी बंद कर म्हणाला, तर विचारायचं: ही कशासाठी चालू होती? तो "पुढचे या" म्हणाला, की गोळी खिशात घालून सरळ घरी यायचं.